साथ आली तर सोसायटीनं काय करावं: दारापासून दवाखान्यापर्यंत

२०२० च्या जुलैत, कोविडच्या साथीत, एका रात्री दीडच्या सुमाराला आमच्या जिन्यात पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काकांना धरून एकेक पायरी खाली उतरवत होत्या. जिन्यातला दिवा त्यांनी मुद्दाम लावला नव्हता. काकांना चार दिवस ताप होता, दोन दिवस धाप लागत होती आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून ते अंधारात दवाखान्यात निघाले होते. कारणही तसंच होतं. आठवड्यापूर्वी तळमजल्याच्या फळ्यावर एका घराचा नंबर लाल खडूनं लिहिला गेला होता आणि त्याखाली 'पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं. ज्या कमिटीनं तो लिहिला तिच्यात मीही होते.

काका वाचले. पण ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. औषधं, मास्क, फवारे यांच्यावर आम्ही ढीगभर बैठका घेतल्या होत्या, आणि 'आमच्या घरात आजारी माणूस आहे' हे सांगायची सोय मात्र केली नव्हती. खाली जे लिहिलंय ते पुढच्या दीड-दोन वर्षांत, दुसऱ्या लाटेसकट, बत्तीस घरांच्या इमारतीत करून पाहिलेलं आहे. त्यातलं सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे: आजार सांगणाऱ्या घराचं नुकसान होता कामा नये.

आमच्या पुण्याला हे नव्यानं शिकावं लागायला नको होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये घरोघर झडत्या घेतल्या गेल्या, सामान बाहेर काढून जाळलं गेलं, माणसं ओढून नेली गेली. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून दवाखान्यात नेत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. धाकानं माणूस दार लावून घेतो, मदतीला कुणी आलं तर उघडतो. कमिटीनं नियम करायला बसण्याआधी एवढं आठवावं.

आधी रोगाची वाट ओळखा

साथ म्हटली की हात आपोआप सॅनिटायझरकडे जातो. पण प्रत्येक रोगाची वाट वेगळी असते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावर होता. तिथे मास्कचा उपयोग नव्हता. पाणी उकळणं, टाकी धुणं, बाहेरचं कच्चं न खाणं हे कामाचं होतं. डेंगीत साठलेलं पाणी आणि डास. कोविड आणि फ्लू हे मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतात. २०२० मध्ये आम्ही सुरुवातीचे तीन महिने बटाटे आणि बिस्किटाचे पुडे धुण्यात घालवले. लिफ्टच्या कोंदट हवेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी कमिटीनं एकच प्रश्न विचारावा: हा रोग हवेतून येतो, पाण्यातून येतो की डासातून? महापालिकेचा आरोग्य विभाग काय सांगतो ते बघावं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करावा. उत्तर मिळेपर्यंत फवारणीवर खर्च करू नये. माणसांच्या अंगावर तर जंतुनाशक कधीच फवारू नये. डोळे आणि फुफ्फुसं भाजतात, फायदा काही नाही.

यापुढचं सगळं हवेतून पसरणाऱ्या साथीबद्दल आहे.

वही

साथ नसतानाच करायचं काम हे. दोनशे पानी वही, प्रत्येक घराला एक पान. पानावर एवढंच: घरात किती माणसं, साठीच्या पुढचं कोण, मधुमेह, रक्तदाब, दमा, डायलिसिस, गरोदरपण, तान्हं मूल, रोजची औषधं आणि ती कुठल्या दुकानातून येतात, नेहमीचे डॉक्टर, बाहेरगावच्या जवळच्या नातेवाइकाचा फोन, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे. शेवटचं विसरू नका. दार आतून बंद, आजी फोन उचलत नाहीत आणि मुलगा ऑस्ट्रेलियात, हा प्रसंग आमच्याकडे दोनदा आला.

ही माहिती कागदावरच ठेवा. व्हॉट्सअपवर टाकू नका, तिचा फोटोही काढू नका. वही सेक्रेटरीकडे आणि आणखी एका जबाबदार माणसाकडे, बस. ज्याला सांगायचं नाही त्याचं पान कोरं राहू द्या. आमच्याकडे सहा पानं कोरी होती. दुसऱ्या लाटेत त्यातली चार लोकांनी आपणहून भरून दिली.

एकटे राहणाऱ्यांसाठी एक छोटी युक्ती आमच्या पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी काढली. सकाळी उठलं की बाल्कनीच्या कठड्यावर पिवळा नॅपकिन टाकायचा, रात्री काढून घ्यायचा. नऊपर्यंत नॅपकिन दिसला नाही तर समोरच्या घरानं फोन करायचा, फोन उचलला नाही तर किल्लीवाल्यानं जायचं. रोज बोलायला कंटाळा येतो, नॅपकिन टाकायला येत नाही.

निरोप कसा द्यावा, उत्तर काय द्यावं

ताप, खोकला, घसा किंवा अंगदुखी सुरू झाली की तपासणीचा निकाल यायची वाट न बघता घरानं एका माणसाला फोन करावा. तो माणूस आधीच ठरलेला हवा. आम्ही त्यासाठी मुद्दाम कमिटीबाहेरची एक मुलगी निवडली, जिच्याशी सगळे मोकळेपणानं बोलतात. तिनं फोनवर पहिलं वाक्य हे म्हणायचं: 'बरं झालं सांगितलंत. आज काय काय हवंय?' दूध, औषध, डबा, कचरा, कुत्र्याला फिरवणं. 'तुम्ही कुठे गेला होतात?' हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की पुढचं घर फोन करत नाही.

ग्रुपवर घर नंबर टाकायचा नाही. 'इमारतीत एक रुग्ण आहे, सर्वांनी जिन्यात आणि लिफ्टमध्ये मास्क घालावा' एवढं पुरतं. दाराला कुलूप घालणं, जिन्यात पत्रे ठोकणं, पाणी किंवा लिफ्ट बंद करणं असं काही करू नये. आग लागली तर माणसं आत अडकतील, आणि एरवीही तो अधिकार सोसायटीचा नाही.

खोली: उदबत्तीची परीक्षा

आजारी माणसाला वेगळी खोली द्या, हे सांगणं सोपं आहे. वन बीएचकेत पाच माणसं राहतात, त्यांनी काय करायचं? वेगळ्या खोलीपेक्षा हवेची दिशा महत्त्वाची. हवा निरोगी माणसांकडून रोग्याकडे आणि तिथून खिडकीबाहेर गेली पाहिजे.

एक उदबत्ती लावा आणि रोग्याच्या खोलीच्या दाराशी, कमरेएवढ्या उंचीवर धरा. पंखे बंद करून आधी बघा. धूर खोलीत ओढला गेला तर बरं. हॉलकडे आला तर हवा उलटी वाहतेय. मग टेबलफॅन रोग्याच्या खोलीतल्या खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. जाळी असेल तर उघडा, खिडकीची फट पंख्याच्या बाजूनं पुठ्ठ्यानं बुजवा. हॉलची दुसरीकडची खिडकी चारेक बोटं उघडी ठेवा म्हणजे ताजी हवा तिकडून येईल. पुन्हा उदबत्ती धरा. आमच्या तिसऱ्या मजल्यावर हे करून पाहिलं तेव्हा धुराची रेघ दारातून आत अशी सरळ वळली, की घरातली लहान मुलगी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिली. एक लक्षात ठेवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल तर तो रोग्याच्या खोलीतली हवा ओट्याकडे ओढतो. रोगी स्वयंपाकघरातच झोपत असेल तर त्याचा फायदा, दुसऱ्या खोलीत असेल तर तो बंद ठेवा. रोगी दम्याचा असेल किंवा घरात ऑक्सिजनचं यंत्र अथवा सिलिंडर असेल तर उदबत्ती लावायची नाही. पातळ टिश्यूची पट्टी दोऱ्याला बांधून धरा, तीही दिशा दाखवते. ऑक्सिजनजवळ निरांजन, गॅस, सिगारेट काहीही नको.

एसी लावायचा असेल तरी खिडकी थोडी उघडी हवी. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो.

चाळीत किंवा वाड्यात संडास सामाईक असतो. तिथे रोग्यानं मास्क घालून, शक्यतो सगळ्यांच्या शेवटी जावं, बाहेर पडल्यावर दार लावून खिडकी उघडी ठेवावी आणि नंतरच्या माणसानं अर्धा तास तरी थांबावं. एकाच खोलीत सगळे असाल तर रोग्याची गादी खिडकीखाली, बाकीच्यांची दाराकडे. सगळ्यांनी मास्क घालावा, झोपतानाही जमेल तितका वेळ. पूर्ण जमणार नाही, हे मला माहीत आहे. जेवढं जमेल तेवढ्यानंही फरक पडतो.

मास्क नाकाच्या हाडावर दाबून बसवलेला हवा. घालून जोरात श्वास सोडा, गालाशी किंवा डोळ्यांत हवा लागली तर तो सैल आहे. एन ९५ असेल तर उत्तम, पण समोर झडप असलेला रोग्याला देऊ नका, त्याचा श्वास त्या झडपेतून गाळल्याशिवाय बाहेर येतो. सेवा करणारं माणूस एकच ठेवा, आणि ते घरातलं सगळ्यात धडधाकट असावं.

दारामागचा कागद

वहीचं एक पान फाडून रोग्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. सकाळ, दुपार, रात्र अशा ओळी आणि ताप, ऑक्सिजन, नाडी, मिनिटाला श्वास, पाणी, लघवी असे रकाने आखा. डॉक्टर फोनवर 'कसं वाटतंय' विचारतात तेव्हा रोगी 'बरंय' म्हणतो. कागद तसं म्हणत नाही.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. नखाला रंग असेल तर काढा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. तर्जनी किंवा मधलं बोट आत घाला, हात छातीशी स्थिर ठेवा आणि आकडा मिनिटभर टिकला की मगच लिहा. पहिल्या पाच सेकंदांत दिसतो तो आकडा धरू नका. ९४ च्या खाली आला तर दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा. तिथेही तोच आला तर डॉक्टरांना तेव्हाच फोन, सकाळपर्यंत थांबायचं नाही. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणून माणूस धापत असेल आणि यंत्र ९६ म्हणत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

कोविडमध्ये काही रोगी गप्पा मारत असतात आणि ऑक्सिजन मात्र घसरलेला असतो. त्यासाठी सहा मिनिटं चालायची परीक्षा आहे. आधी आकडा लिहा, खोलीत सपाट जागेवर नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चाला, मग पुन्हा मोजा. ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ नं घसरला तर डॉक्टर. आधीच धाप लागत असलेल्यानं, छातीत दुखणाऱ्यानं किंवा आकडा मुळातच कमी असलेल्यानं ही परीक्षा करायची नाही. वयस्कर माणसांना तीन मिनिटं पुरे, आणि जवळ कुणीतरी हवं.

यंत्र नसेल तर रोगी पडलेला असताना त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे २४ किंवा त्याहून जास्त भरले तर ते चांगलं लक्षण नाही. एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, छातीत दडपण, बरळणं, उठवूनही नीट जाग न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. १०० च्या वर ताप तीन दिवसांहून जास्त राहिला तरी डॉक्टरांना कळवा.

ऑक्सिजन कमी आहे आणि गाडी यायला वेळ आहे, तेव्हा पालथं झोपवल्यानं मदत होते. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार, मणका, मांडी किंवा कमरेचं हाड मोडलेलं असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, तर पालथं नको.

औषधाबाबत मला कळकळीनं सांगायचंय: शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका. एकाला दिलेलं स्टिरॉइड दुसऱ्यानं पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घेतलं, असं २०२१ मध्ये घराघरात झालं. ऑक्सिजनची गरज लागलेल्या रोग्याला जे वाचवतं, ते गरज नसताना अपाय करतं, साखर वाढवतं, आणि मधुमेह्यांमध्ये काळ्या बुरशीनं माणसं दगावली, डोळे गेले, त्यात याचाही वाटा होता. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, दोन गोळ्यांत चार ते सहा तास अंतर ठेवून. घरगुती वाफ घ्यायची तर पातेलं जमिनीवर, मुलांपासून लांब. उकळतं पाणी अंगावर सांडून भाजण्याची भीती रोगापेक्षा कमी नाही. कापूर पोटात जाऊ देऊ नका. जवळ डॉक्टर नसतील तर सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, १०४ वर आरोग्याची माहिती मिळते.

दाराशी स्टूल

प्रत्येक आजारी घराबाहेर एक स्टूल. त्यावर डबा, दूध, औषध ठेवायचं, बेल वाजवायची आणि चार पायऱ्या खाली येऊन थांबायचं. आतल्या माणसाचा चेहरा दिसला की दोन वाक्यं बोलून जायचं. हे 'दिसणं' मला डब्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

डब्याची पाळी आम्ही एका तक्त्यावर लावली, एका घराकडे एक वेळ. मुगाची खिचडी, तांदळाची पेज, वरणभात, दुधी किंवा तोंडली, ताक, लिंबू. चव गेलेल्या माणसाला जाड, कोरडं नको वाटतं, पातळ गिळवतं. इन्सुलिन घेणाऱ्याकडे डबा ठरल्या वेळी म्हणजे ठरल्या वेळीच पोचला पाहिजे, त्यामुळे ती पाळी आम्ही विसराळू घराकडे दिली नाही. डबे स्टीलचेच वापरा. साबणाच्या पाण्यानं धुतले की पुन्हा वापरता येतात, फेकायची गरज नाही. भाजी वाहत्या साध्या पाण्यात धुवा, तिला साबण किंवा ब्लीच लावू नका.

वापरलेले मास्क, टिश्यू वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून तीन दिवस बाल्कनीत ठेवा, मास्कचे पट्टे कापून टाका, मग पिशवीवर लाल खूण करून द्या. पुण्यात घरोघरचा कचरा 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई हातानं वेगळा करतात. ती लाल खूण त्यांच्यासाठी आहे. रोग्याच्या घरच्या कचऱ्याबद्दल महापालिकेची वेगळी गाडी किंवा पिवळी पिशवी असेल तर तिचाच नियम पाळा.

पुसणं, धुणं

हात साबणानं वीस सेकंद धुणं पुरेसं आहे. बेसिनची सोय असेल तिथे सॅनिटायझर लागत नाही, आणि तो हाताला ओला असताना गॅसजवळ जायचं नाही. रोग्याच्या खोलीतली दाराची मूठ, बटणं, नळ यांच्यासाठी बाजारातलं साधारण ५ टक्क्यांचं ब्लीच घ्या, एक लिटर पाण्यात २० मिली घाला, पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुन्हा पुसा. रोज ताजं बनवा, हातमोजे घाला, खिडकी उघडा. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आमच्याकडे एका घरात स्वच्छतेच्या उत्साहात हे झालं आणि बाईंना दोन दिवस धड श्वास घेता येत नव्हता.

लिफ्टमध्ये एका वेळी एकाच घरची माणसं, मास्क घालून, न बोलता. पंखा सतत चालू. जिन्याच्या खिडक्या कबुतरांमुळे बंद असतील तर जाळी लावून उघडा.

मावशी, वॉचमन, झाडूवाले

धुणंभांडी करणाऱ्या मावशींना येऊ नका म्हणायचं असेल तर पगार चालू ठेवून म्हणा. पहिल्या महिन्यात आमच्याकडे निम्म्या घरांनी पैसे कापले, आणि मग आजारी असताना त्यातल्या काही जणी कामावर आल्या, कारण खाडा परवडत नव्हता. पगारी रजा हे साथ रोखायचंच साधन आहे. त्या येत असतील तर त्यांना तसाच चांगला मास्क द्या जसा आपण घालतो, आणि घरात ताप असेल तर दार उघडण्याआधी सांगा. त्यांनाही पोरंबाळं आहेत. वॉचमनच्या केबिनची खिडकी उघडते का ते आजच बघा. आमची खिळे ठोकून बंद केलेली होती.

दवाखान्याची पिशवी आणि गाडीचा रस्ता

पिशवी पहिल्या दिवशीच भरून ठेवा: आधार कार्डाची प्रत, विम्याचं कार्ड, जुने रिपोर्ट, रोजच्या औषधांची यादी, चार्जर, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र, थोडी रोकड, आणि एका कागदावर दोन फोन नंबर. मोबाइलच्या पाठीवर नावाची चिकटपट्टी लावा. वॉर्डात मोबाइल बदलले जातात आणि मग घरच्यांचा धागाच तुटतो. दागिने काढून घरी ठेवा.

ॲम्ब्युलन्स फाटकापर्यंत येते, त्यापुढे काय? आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही हे आम्हाला ऐनवेळी कळलं. आता तळमजल्यावर हाताची भक्कम खुर्ची आणि दोन पट्टे ठेवलेत, उचलणाऱ्या चौघांची नावं वहीच्या पहिल्या पानावर आहेत. एकदा रिकामी खुर्ची आणि मग एखादं धडधाकट माणूस बसवून जिन्यावरून उतरवून बघा. वळणावर मागचा माणूस उंच राहतो, पुढच्याच्या हातांवर सगळा भार येतो, म्हणून ताकदवान माणूस पुढे. रात्री फाटकासमोर कुणाची गाडी उभी असेल तर तिची किल्ली वॉचमनकडे हवी. कुणीतरी एकानं रस्त्यावर जाऊन टॉर्च दाखवत उभं राहायचं.

ऑक्सिजन, इंजेक्शन, बेड मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या अनोळखी नंबरला पैसे पाठवू नका. एप्रिल २०२१ मध्ये अशा नंबरांची यादीच ग्रुपवर फिरत होती. ग्रुपवर नंबर टाकणाऱ्यानं आधी स्वतः फोन करून बघावा आणि कुठल्या वेळी केला ते लिहावं.

बरं झाल्यावर

विलगीकरण किती दिवसांचं ते त्या वेळचे नियम आणि डॉक्टर ठरवतात. कोविडमध्येच ते बदलत गेले. मुदत संपली की ज्या मुलीला पहिला फोन गेला होता तिनंच त्या घरी जायचं, बेल वाजवायची आणि आत जाऊन बसायचं. चहा घ्यायचा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दवाखान्यातून काकांना घेऊन परत आल्या त्या दिवशी जिन्यात सगळी दारं बंद होती. २०२१ च्या मे महिन्यात त्यांचा मुलगा आजारी पडला, तेव्हा पहिला फोन त्यांनी संध्याकाळी सातलाच केला आणि सव्वासातला दाराशी स्टूल ठेवलेलं होतं.

सोसायटीचा ऑक्सिमीटर परत आला की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवा, नाहीतर ते आत गळतात, आणि कुठल्या तारखेला आला ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दर सहा महिन्यांनी एकदा सेल घालून स्वतःच्या बोटावर लावून बघा.